पाण्याचा तक्ता

“लिहिलंत?” फ्राऊ झायडलनी विचारलं.

“अजून नाही,” यशपाल म्हणाला.

“मग पेन कशाला काढलंय?”

यशपालने पेन परत खिशात ठेवलं. टेबलावर पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला होता. सकाळी आठला त्यानेच भरून ठेवला होता. आता साडेअकरा होत आले होते आणि पाणी तसूभरही खाली गेलेलं नव्हतं.

“दोन घोट घ्या. माझ्यासमोर.”

“तुमच्यासमोर घेतले की तुम्ही लिहिणार. नाही घेतले तरी लिहिणार. मग मी काय करायचं ते तुम्हीच सांगा, हेर मेश्राम.”

  यशपालने उशी सारखी केली आणि तो बाहेर आला.

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या त्या वृद्धाश्रमात त्याला चौदा महिने झाले होते. त्याआधी अठरा वर्षं तो भंडाऱ्याकडच्या एका रुग्णालयात ‘ब्रदर’ होता. पेशंट, त्यांचे नातेवाईक, डॉक्टर, सगळे त्याला ब्रदरच म्हणायचे. बायको, अपेक्षा, गेल्यावर तो नऊ महिने घरात बसून जर्मन शिकला आणि फॉर्म भरून इकडे आला. लोक म्हणाले, यशपालने संधी साधली. ज्या वॉर्डात बायको गेली त्याच वॉर्डात रोज उभं राहणं त्याला जमत नव्हतं, एवढंच खरं होतं.

फ्राऊ झायडल चौऱ्याऐंशी वर्षांच्या. सरळ पाठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. पंधरा दिवसांपूर्वी मूत्रपिंडाला संसर्ग होऊन त्या रुग्णालयात गेल्या आणि परत आल्या त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच. दिवसाला तेराशे मिली पाणी पोटात गेलं पाहिजे आणि त्याची नोंद राहिली पाहिजे. त्या दिवसापासून त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता लटकला. वेळ, काय दिलं, किती प्यायलं, कोणाची सही.

गंमत अशी की तक्ता लागायच्या आधी त्या व्यवस्थित पाणी पीत होत्या. तक्ता लागला आणि त्यांनी पाणी जवळजवळ सोडलं. परवा तीनशे. काल एकशे ऐंशी.

जेवणाच्या खोलीत शमिका डबा उघडून बसली होती. ही पुण्याची मुलगी, यशपालबरोबरच्याच तुकडीतली. वयाने पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे त्याला दादा म्हणायची.

“काय दादा, झायडल आजींनी आज पण उपास धरला?”

“सकाळपासून एक थेंब नाही.”

“मग तेराशे टाका ना. बाकीच्या खोल्यांत सगळे असंच टाकतात. संध्याकाळची नर्स तर तिथे पाळी सुरू होतानाच अख्खा तक्ता भरून मोकळी होते.”

“मी नाही टाकणार.”

“अहो, कोण बघतंय? जास्तीत जास्त एखादा तपासणीवाला. त्याला आकडा लागतो, पाणी नाही.”

 यशपालने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

तेवढ्यात मजल्याच्या प्रमुख, आइझेलेबाई, दारात आल्या. त्यांच्याकडे दोन माणसं कमी होती आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“हेर मेश्राम, उद्या सकाळी डॉक्टर येतायत. आजचा आकडा पाचशेच्या खाली गेला तर ते झायडलना रुग्णालयात पाठवणार. मागच्या वेळी तिथे त्यांनी सलाइनची सुई उपटली होती. या वेळी हात बांधावे लागतील. न्यायालयाच्या परवानगीचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय.”

“त्या तुरुंगात होत्या ना?” यशपालने विचारलं.

“पन्नास वर्षांपूर्वी. मी काय करू?” आइझेलेबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. खरंच विचारल्यासारखं विचारून त्या निघून गेल्या.

दुपारी एकला यशपाल पुन्हा खोलीत गेला तेव्हा तो आधीच ठरवून गेला होता. तक्ता त्याने आतून काढून बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवला होता. नोंद बाहेरच करायची, म्हणजे त्यांना दिसायला नको.

फ्राऊ झायडलनी रिकाम्या दाराकडे पाहिलं.

“कुठे गेला?”

“काढून टाकला. आता कोणी लिहीत नाही.”

 “खोटं बोलताना तुम्ही खाली बघता,” त्या म्हणाल्या. “तुरुंगातले ते चौकशीवाले डोळ्यांत बघून बोलायचे. तेवढा तुमच्यात चांगुलपणा आहे.”

यशपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पलंगाच्या कडेला स्टूल ओढून बसला. बसायची परवानगी नव्हती, अजून तीन खोल्या व्हायच्या होत्या, पण बसला.

“शहात्तर साली मी पूर्व जर्मनीतून हंगेरीमार्गे पळायला निघाले,” त्या सांगू लागल्या. “गाडीच्या डिकीत. पस्तीस वर्षांची होते. पकडलं. बावीस महिने आत होते. मारलं वगैरे नाही हो, लोकांना तेच ऐकायचं असतं. रोज एक माणूस समोर बसायचा आणि लिहायचा. मी काय बोलले ते त्याच्या भाषेत लिहायचा. मग प्रत्येक पानाखाली माझी सही घ्यायचा. मी म्हणायचे, मी असं बोलले नाही. तो म्हणायचा, अर्थ तोच आहे. सही केली की दुपारी अंगणात चालायला मिळायचं.”

“तुम्ही सही केली?”

“केली. मला चालायला आवडायचं.”

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली. यशपाल उठला नाही.

“मग पश्चिमेने आम्हा काहीजणांना सोडवून आणलं. मी इथे आले, कारखान्यात तीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवल्या. बर्लिनची ती भिंत पडल्यावर तिकडच्या गुप्त पोलिसांच्या फायली उघडल्या. त्र्याण्णवमध्ये माझी वाचायला गेले. चारशे पानं. तुरुंगाची कमी, आधीचीच जास्त. आमची शेजारीण लिहून द्यायची. तिने वाईट काही लिहिलं नव्हतं. सहाला दूध आणलं. पाव आणला. साडेदहाला दिवा मालवला. दोन वर्षं, रोज. मी किती वाजता काय प्यायले, सगळं.”

 त्यांचे ओठ इतके कोरडे होते की बोलताना चिकटत होते.

“तुम्ही सभ्य माणूस आहात. तीही सभ्य होती. ईस्टरला केक द्यायची.”

यशपाल बाहेर गेला, तक्ता घेऊन आत आला आणि त्याने तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

“वाचा.”

“मी?”

“तुमचाच आहे. सगळा वाचा.”

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागल्या. खूप वेळ लागला. कालचं वाचलं, परवाचं वाचलं, मग बोट आजच्या एका ओळीवर थांबलं.

“सव्वादहा. ‘पाणी देऊ केले. नकार दिला.’ खाली तुमची सही आहे.”

“हो.”

“मी नकार दिला नाही. सव्वादहाला मी झोपले होते. तुम्ही आत आलात, मला झोपलेली पाहिलंत आणि परत गेलात. तुमच्या पावलांनी मला जाग आली, मी डोळे किलकिले करून बघत होते.”

 ते खरं होतं. तो आला होता, त्याने पाहिलं होतं, आणि दारापाशी उभ्याउभ्या लिहून टाकलं होतं. त्यात काही केल्यासारखं त्याला वाटलंच नव्हतं. अठरा वर्षांची हाताची सवय. तिकडे तर दोनची, चारची, सहाची नाडी दोन वाजताच लिहून ठेवायचे सगळे. त्यानेही लिहिली होती, किती जणांची लिहिली असेल याला गणती नव्हती. अपेक्षाच्या वॉर्डात त्या दिवशी दुसरी सिस्टर होती. नंतर केसपेपर त्याच्या हातात आला तेव्हा सहाच्या रकान्यात अपेक्षाची नाडी ब्याऐंशी होती, श्वास नियमित. अपेक्षा पाच वाजून दहा मिनिटांनी गेली होती. चार वाजता कोणी तिच्या हाताला हात लावला असता तर कळलं असतं. त्या सिस्टरला बोलायला तो गेला होता आणि तिच्यासमोर उभं राहिल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, कारण ती काय म्हणेल ते त्याला माहीत होतं.

“मी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “तुमचं बरोबर आहे.”

“मग दुरुस्त करा.”

त्याने पेन काढलं. ‘नकार दिला’वर एक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘विचारले नाही. झोपल्या होत्या.’ खाली वेळ घातली, सही केली आणि त्यांना दाखवलं.

फ्राऊ झायडलनी ते दोनदा वाचलं. मग हात पुढे केला. यशपालला आधी वाटलं, तक्ता परत देतायत. त्यांना पेन हवं होतं. त्यांनी ग्लास उचलला, अर्धा रिकामा केला, तोंड पुसलं आणि शाळेतल्यासारख्या नीट अक्षरात लिहिलं, ‘१३.३५. पाणी. १०० मिली. झायडल.’

तीन वाजता पाळी संपली तेव्हा पेन त्याने त्यांच्याकडेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यावर सात ओळी त्यांच्या हातच्या होत्या. बेरीज सातशे दहा. खाली एक टीप होती, ‘चहा गार होता.’ डॉक्टर ते वाचून मोठ्याने हसले, त्यांना तपासलं आणि म्हणाले, रुग्णालयाची गरज नाही, असंच चालू द्या.

डॉक्टर गेल्यावर आइझेलेबाईंनी यशपालला ऑफिसमध्ये बोलावलं. तक्ता त्यांच्या पुढ्यात होता.

“‘विचारले नाही’ हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“पुढच्या महिन्यात तपासणी आहे. एका आजारी बाईला आम्ही पाणीसुद्धा विचारत नाही, हे आपण आपल्या सहीने लिहून दिलंय. हा घ्या कोरा कागद. कालचा दिवस पुन्हा लिहा. आणि त्यांच्या अक्षरातलं काही नको, नोंद कर्मचाऱ्याचीच चालते.”

“पण विचारलं नव्हतं.”

“ते मला कळलं हो. खरं काय झालं ते मी विचारत नाहीये. मी कागद मागतेय.”

यशपालने कोरा कागद हातात घेतला. त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर परत ठेवली. “मला जमणार नाही,” तो म्हणाला.

आइझेलेबाईंनी उसासा टाकला. “मला वाटलंच होतं. उद्यापासून तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. इथे शमिका बघेल.”

शमिका कपड्यांच्या खोलीत चादरी मोजत होती. यशपालने तिला अपेक्षाच्या केसपेपरचं सांगितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं, आणि तेही उभ्याउभ्या, दहा वाक्यांत. शमिकाच्या हातातली चादर तशीच राहिली.

“मला माहीत नव्हतं, दादा.”

“त्यांना वाचायला दे. त्यांनाच लिहू दे. आणि न प्यायलेलं लिहू नकोस. एवढंच.”

“दादा, माझा नवा करार झालाय, त्याचा प्रोबेत्साइट, कच्च्या नोकरीचा काळ, चालू आहे. अजून चार महिने. या काळात मला कारणसुद्धा न सांगता काढू शकतात.” तिने चादरीची घडी घातली, ती चुकली, पुन्हा घातली. “बघते,” ती म्हणाली.

त्याहून जास्त तिला बोलता येणार नव्हतं आणि त्यालाही मागता येणार नव्हतं.

निघण्याआधी तो फ्राऊ झायडलच्या खोलीत गेला. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. समोर टेकडीवर द्राक्षांच्या वेली छाटून उघड्या केलेल्या होत्या आणि त्यांच्या मधून एक ट्रॅक्टर हळूहळू वर चढत होता.

“उद्यापासून मी वर असेन,” तो म्हणाला. “दुसऱ्या मजल्यावर.”

“त्या ओळीमुळे?”

“हो.”

“मग कोण येणार?”

“शमिका. चांगली मुलगी आहे. मनाने चांगली आहे.”

“तक्ता मला देईल?”

“मी सांगितलंय तिला.”

“मी ते विचारलं नाही.”

यशपालने या वेळी खाली बघितलं नाही. “माहीत नाही,” तो म्हणाला.

फ्राऊ झायडलनी मान हलवली. उत्तर पटल्यासारखी. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्या उभ्या राहिल्या.

“ही जरा फिरवून द्या.”

“कुठे?”

त्यांनी हनुवटीने दार दाखवलं. “कोण येतं आणि काय लिहितं ते मला दिसलं पाहिजे.” यशपालने खुर्ची उचलली, पाठ खिडकीकडे केली आणि तोंड दाराकडे. त्या बसल्या. स्वेटरची बटणं त्यांनी गळ्यापर्यंत लावली, पावलं जुळवून ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणाची तरी पावलं वाजत होती, आणि ती जवळ येत असताना त्यांनी दारावरची नजर काढली नाही.