चुकीच्या अक्षरांची यादी

कोपरीत शीलाताईंचा टायपिंगचा क्लास वीस वर्षं चालत आला होता. नव्व्याण्णव साली त्यांनी टाइपरायटरच्या रांगेशेजारी दोन कॉम्प्युटर मांडले, इंटरनेटही घेतलं. तिसऱ्याच आठवड्यात कोळीवाड्यातल्या सगुणाबाईंच्या रतनने ईमेलच्या साइटचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकवलं आणि पडद्यावर नको ती चित्रं आली. एक बंद केलं की दुसरं उघडे. पोरगी वही तिथेच टाकून घरी गेली. चार दिवसांत आणखी पाच मुली यायच्या बंद झाल्या.

शीलाताईंना अन्न गोड लागेना. इंटरनेट काढूनच टाकायचं ठरवून त्यांनी गुणाजीला बोलावलं. त्यांचा जुना विद्यार्थी. आता डोंबिवलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा.

"काढू नका, बाई," तो म्हणाला. "बाहेर पत्ता विचारण्याआधी कॉम्प्युटर स्वतःजवळची होस्ट्स नावाची फाइल बघतो. तिच्यात त्या साइटच्या नावापुढे आपल्याच मशीनचा पत्ता लिहायचा. मग तो स्वतःकडेच वळतो, आणि इथे तर काहीच नसतं."

पहिल्यांदा जमलं नाही. ज्यात त्याने ती फाइल लिहिली, त्या नोटपॅडने जतन करताना तिच्या नावाला आपलं '.txt' हे शेपूट चिकटवलं होतं. ते काढल्यावर साइट उघडेना.

"पण उद्या दुसरंच अक्षर चुकलं तर?" शीलाताईंनी विचारलं, आणि स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. कुठलं बोट कुठे घसरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मुली ज्या साइट उघडत त्यांची नावं जितक्या तऱ्हांनी चुकतील, तितक्या त्यांनी लिहून काढल्या. एकशे चाळीस ओळी झाल्या.

संध्याकाळी शीलाताई सगुणाबाईंना आणि रतनला घेऊन आल्या.

"तेच नाव टाक," सगुणाबाई लेकीला म्हणाल्या. रतनने भीत भीत टाकलं. पान सापडत नाही, एवढंच आलं. सगुणाबाईंनी पुढे वाकून पडदा नीट पाहिला.

"झालं, बाय. उद्यापासून येल पोर."

त्या दोघी गेल्यावर शीलाताई म्हणाल्या, "गुणाजी, फार मोठं काम केलंस रे."

"मी टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेलो, बाई. तुम्ही सकाळी सहाला बोलवून शिकवायचात. त्यावरच नोकरी लागली."

शीलाताईंना ते आठवतही नव्हतं.

सहातल्या पाच मुली परतल्या. एखादी साइट मधूनच निसटून यायची. पण आता पोरी घाबरत नसत. "बाई, अजून एक," म्हणून हाक मारत, आणि शीलाताई ते नाव फाइलीत चढवत.