पायाखालचा दगडीपाला

जरा पाय उचला आणि खाली बघा. हां, मीच बोलतोय, दगडीपाला. पायरीच्या भेगेत माझा जन्म झाला. रोज पन्नास जोडे अंगावरून जातात. अजून मेलो नाही.

ही पायरी एका प्रयोगशाळेची. इथले माळीकाका मला खुरप्यानं उपटायचे आणि खुरपं बोटाला लागलं की माझाच पाला चोळून रस पिळायचे. रक्त थांबलं की पुन्हा मला उपटायला मोकळे! मी भांडलो नाही. मुळाचा तुकडा भेगेत राखायचो आणि परत उगवायचो.

एकदा प्रयोगशाळेतल्या ताईंनी ते पाहिलं. "काका, हे काय लावलंत?"

"तण आहे हो. लहानपणापासून लावतो."

झालं! ताईंनी मला उचलून कुंडीत लावलं; मुळाचा एक तुकडा नेहमीसारखा भेगेत राहिलाच. खत, वेळेवर पाणी, डोक्यावर जाळी. ना कीड, ना ऊन. मी असा माजलो, की माझी पानं मलाच ओळखू येईनात.

वर प्रयोगशाळेत एका काचेच्या बशीत ताईंनी माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवल्या होत्या. त्यांवर सुईनं रेघ ओढायची, ती जखम. मग माझा अर्क घालायचा. रेघ भरून आली तर माझ्यात गुण आहे. तीनदा ओढली. तिन्ही वेळा उघडीच राहिली.

प्रयोगशाळेचे साहेब ताईंना म्हणाले, "माळ्याच्या गप्पांवर वर्ष घालवलंत. सोमवारी शेवटची बशी. मग हे काम बंद."

ताई कुंडीपाशी येऊन बसल्या. डोळे लाल. काका पाणी घालायला आले, माझं पान चिमटीत चुरगळून हुंगलं आणि हसले.

"ताई, हा बिघडला."

"म्हणजे?"

"लाडावलाय हो. जावयासारखा ठेवलात. याला कुणी कुरतडत नाही, तुडवत नाही. मग हा रस कशाला करेल? पायरीवरचा घ्या."

हेच तर मी कधीचा सांगत होतो, पण माझं ऐकतंय कोण! अहो, तो रस मी तुमच्यासाठी केलाच नाही. अळीनं खाल्लं, टाचेनं चिरडलं, उन्हानं भाजलं, की मी तो करतो, माझ्या स्वतःच्या जखमेसाठी. तुमच्या बोटाला लागू पडतो, ते तुमचं नशीब.

सोमवारी पायरीवरचा, मार खाल्लेला पाला वर गेला.

मंगळवारी ताई धावतच जिना उतरल्या. "काका, रेघ मिटली! पूर्ण मिटली!"

"मग? सांगत काय होतो?"

साहेबही खाली आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "इथे तारेचं कुंपण घाला. याच्यावर कुणाचा पाय पडता कामा नये."

घ्या! एवढं होऊन हेच शिकले.

काकांनी मान डोलावली. साहेब आत गेल्यावर तारेचं भेंडोळं मुकाट्यानं कोपऱ्यात सरकवलं आणि जाताना मुद्दाम माझ्यावर अख्खा पाय देऊन गेले.

माझं पान फाटलं. तिथे रस भरून येतोय.

तुम्हीही या. बाजूनं जाऊ नका, द्या पाय. मी इथेच आहे.