पडद्याची दमणी

पैनगंगेच्या अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड आणि अलीकडच्या चढावर करोडगिरीचा नाका. पलीकडून मीठ, कापड, साखर, काहीही आणा, जकात भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. जकात म्हटली की झडती आली, आणि पुरुषांची झडती झाली की बायकांची आलीच. मग बाईमाणसाच्या अब्रूचं काय करायचं? हा प्रश्न नाक्यावर कुणीतरी फार पूर्वीच निकालात काढून टाकला होता. पडदा लावलेल्या दमणीतून येईल ती अब्रूदार, तिच्या गाडीला हात लावायचा नाही. पायी येईल तिचं लुगडं चाचपायचं. झालं! बैलजोडी आणि पडद्याचं कापड परवडत असेल तर बाईला लाज, नाहीतर तिचं अंग सरकारजमा.

बायांची झडती घ्यायला सखुबाई होती. नवरा गेल्यावर ती नाक्यावर झाडलोटीला लागली आणि झडतीला बाईच पाहिजे म्हणून तिच्या दंडावर पितळी बिल्ला आला. त्या बिल्ल्यावर तिची चूल पेटत होती. पण काम ती माणुसकीनं करायची. कचेरीच्या भिंतीलगत मेढी रोवून तिनं गवताच्या ताट्या बांधल्या होत्या. त्या आडोशाला एकेकीला न्यायचं, हात फिरवायचा आणि तेवढा वेळ पावसाचं, लेकरांचं, सासूचं काहीबाही बोलत राहायचं, म्हणजे त्या बाईला उघडं पडल्यासारखं वाटायचं नाही. कुणाच्या ओच्यात ओंजळभर मीठ हाताला लागलंच, तर सखुबाई ते लागलं नाही असंच धरायची.

वैशाखातल्या त्या बाजाराच्या दिवशी ती पाणी भरून आली आणि बघते तर मेढी नुसत्याच उभ्या. दोन्ही ताट्या कचेरीच्या दाराला आणि खिडकीला लावलेल्या, वर एक शिपाई घागरीनं पाणी शिंपडतोय. आत नाकेदार तातेराव गारव्याला पान लावत बसले होते.

"सायेब, आडोसा काहून काढला? बाया येऊन राहिल्या बाजारातून."

"मग येऊ दे की. घे झडती."

"उघड्यावर?"

तातेरावांनी पानाला चुना लावला. "अगं, रानात राबणाऱ्या, नदीत अंग धुणाऱ्या बाया त्या. त्यांना कसली आलीय लाज?"

सखुबाई स्वतः सकाळी नदीवरच अंग धुऊन आली होती. ते काही नाकेदाराच्या लक्षात असण्याचं कारण नव्हतं.

तेवढ्यात बाया चढ चढून आल्या. काही गावातल्या कुणब्यांच्या, काही तांड्यावरच्या. सगळ्यांत पुढे तांड्यावरची चंदाबाई होती. तूप विकायला गेली होती, पाठीशी अंगावर पिणारं पोरगं बांधलेलं. समोर ओट्यावर दोन शिपाई. एकानं विडी पेटवली आणि तमाशाला बसावं तसा ऐसपैस मांडी घालून बसला.

"माय, आडोसा कुठं गेला?" चंदाबाईनं विचारलं.

"सायबाला गरम होऊन राहिलं."

"मंग आमाला?"

ओल्या ताटीआडून तातेरावांचा आवाज आला, "सखू, हात चालव! नसेल जमत तर बिल्ला काढून ठेव. त्या बिल्ल्याला छप्पन्न बाया मिळतील."

मिळतील, हे तिलाही ठाऊक होतं. बिल्ला गेला तर उद्यापासून कुणाच्या दारात उभं राहायचं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिनं मन घट्ट केलं आणि चंदाबाईच्या घागऱ्याच्या नाडीकडे हात नेला. चंदाबाई ओरडली नाही, भांडली नाही. तिनं एकदा शिपायांकडे पाहिलं आणि आपलेच डोळे गच्च मिटून घेतले. दुसऱ्याचे डोळे मिटणं काही तिच्या हातात नव्हतं.

सखुबाईचा हात जागच्या जागी थांबला. तिला स्वतःच्या हाताची किळस आली.

एवढ्यात नदीकडून घुंगरं वाजली. देशमुखांची दमणी! लाल काठाचा पडदा, पांढरी खिल्लारं, पुढे गाडीवान सोनाजी. मघापासून ओल्या ताटीआड गारव्याला बसलेले तातेराव आता भर उन्हात धावत आले. "या, या, वहिनीसाहेब! ऊन फार झालं!" शिपायानं विडी विझवली, आडवा बांबू वर गेला.

सखुबाई बैलांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सोनाजीभाऊ, थांब जरा." मग ती पडद्यापाशी गेली. "देशमुखीणबाई, घटकाभर हा पडदा द्या. या मेढींना बांधते. बायांची झडती झाली की जसाच्या तसा लावून देते."

"अगं, वेडी का खुळी तू?" आतून आवाज आला. "मी काय अशी चारचौघांत उघडी बसू?"

"तुमचं तोंडच दिसंल बाई. यांचं तर अंग दिसून राहिलं."

"त्यांचं वेगळं, आमचं वेगळं."

आवाजात राग नव्हता, तुच्छता नव्हती. लिंब कडू असतो हे सांगावं इतक्या साधेपणानं बाई बोलल्या होत्या, आणि तेच सखुबाईला झोंबलं. शिवी दिली असती तर तिनं गिळली असती. शिव्या गिळायची तिला सवय होती. पण हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पडद्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. नाड्या तटातट तुटल्या.

आत एक जाडसर, घामाघूम झालेली बाई बसली होती. सगळ्या बाया असतात तशीच. ती किंचाळली आणि तिनं पदरानं तोंड झाकलं.

"तोंडं फिरवा!" तातेराव गरजले. "हरामखोरांनो, भिंतीकडे तोंडं! मागे पाहाल तर डोळे काढीन!"

दोन्ही शिपाई गर्रकन फिरले. तातेराव स्वतः कचेरीच्या भिंतीला नाक लावून उभे राहिले. सोनाजीनं मान बैलांच्या शेपटीत घातली.

सखुबाई हातात पडदा घेऊन त्या पाठींकडे बघत राहिली. म्हणजे यांना हे येतं! ताटी नको, पडदा नको, जकातीतला छदाम खर्च नको. मान नुसती वळवायची, बस्स. जन्मापासून यांच्या माना वळत होत्या आणि पायी चालणाऱ्या बाईसाठी त्यातली एकदाही वळली नव्हती. आणि आपण मात्र इतकी वर्षं उन्हातान्हात गवत कापून ताट्या विणत बसलो! संतापानं तिला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

तिनं पडदा देशमुखीणबाईंच्या मांडीवर टाकला. बाई तुटलेल्या नाड्यांना गाठी मारू लागल्या. सखुबाईनं चंदाबाईला हातानं खूण केली, चल. मग दुसरीला, तिसरीला. एकामागून एक बाया बांबूखालून, त्या तीन पाठींच्या मागून, कुणी कुणाच्या अंगाला हात न लावता निघाल्या. तांडेवाल्या बायांच्या पायांतले चांदीचे वाळे वाजत होते.

"झालं का?" तातेरावांनी भिंतीलाच विचारलं.

"न्हाई अजून. बाईमाणूस हाय सायेब, फिरू नका."

शेवटची बाई वळणापार झाली. मग दमणीही वाकड्यातिकड्या पडद्यानिशी पुढे गेली आणि तातेराव वळले. रस्ता मोकळा होता.

"त्या पायी आलेल्या कुठं गेल्या?"

"गेल्या घरला."

"झडतीशिवाय? मी वहिनीसाहेबांसाठी तोंड फिरवलं होतं, त्या लमाणणींसाठी नव्हे!"

"म्या सगळ्यायसाठी धरलं," सखुबाई म्हणाली. मग त्यांनी मागायच्या आत तिनं दंडावरचा बिल्ला सोडून ओट्यावर ठेवला.

दुसऱ्याच दिवशी तो बिल्ला दुसऱ्या बाईच्या दंडावर चढला. ताट्या कचेरीच्या दाराला होत्या तशाच राहिल्या. सखुबाईला चंदाबाईनं तूप विकायच्या कामात ओढलं. डोक्यावर मडकं घेऊन तीही आता बायांबरोबर पायी नदी ओलांडू लागली.

पुढच्या बाजाराला परतताना बाया चढ चढून आल्या आणि नाक्यासमोर थांबल्या. नवी झडतीवाली पुढे झाली. शिपाई ओट्यावर सरसावून बसले. तेव्हा सखुबाईनं मडकं खाली ठेवलं आणि पोटातून जोर काढून ओरडली, "तोंडं फिरवा!" मागून चंदाबाई ओरडली, मग सगळ्याच ओरडल्या. त्या गलक्यानं एक शिपाई तर दचकून भिंतीकडे फिरलासुद्धा.

टोपी सावरत, हात जोडायच्या बेतात तातेराव ओल्या ताटीआडून धावत बाहेर आले. दमणी कुठंच दिसेना.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"बाया आल्यात," सखुबाई म्हणाली.