सव्वादोनचा झेंडा

ज्ञानेशला बसवत नव्हतं. मैदानात शे-दोनशे माणसं ओल्या गवतावर पाय पसरून निवांत बसली होती आणि हा गडी पाठीला झेंडा बांधून पहाटे साडेचारपासून येरझाऱ्या घालत होता. झेंड्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलं होतं, २:१५. ज्यांना एकवीस किलोमीटर सव्वादोन तासांत संपवायचे आहेत त्यांनी घड्याळ न बघता या झेंड्यामागे पळायचं, एवढी साधी गोष्ट. पळणारी मंडळी अशा घोळक्याला बस म्हणतात. ज्ञानेश या बसचा ड्रायव्हर. अकरा स्पर्धा झाल्या होत्या आणि अकराही वेळा त्याची बस तीस सेकंदांच्या आतबाहेर पोहोचली होती. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याचा त्रास तो घेत नसे.

स्पर्धा साडेपाचची होती. पण प्रमुख पाहुणे आले सव्वासहाला. मग शाल, नारळ, दोन शब्द, त्यात पाहुण्यांचे दोन शब्द म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत. शेवटी सहा पस्तीसला झेंडी दाखवली. ऑक्टोबरचा महिना, रात्री पाऊस नुसता शिंपडून गेलेला, त्यामुळे हवा अशी की उभ्या उभ्या बनियन अंगाला चिकटावं. वारा नावाला नव्हता.

"आरं ज्ञानेश," मालोजीकाका म्हणाले. काका मोशीचे, वय वर्षं एकसष्ट, बसमधले सगळ्यात जुने प्रवासी. "एक तास वाया घालवला ह्यांनी. ऊन तापनार हाय. आज जरा दमानं घे की. अडीचची बस कर."

"काका, झेंड्यावर काय लिहिलंय?"

"झेंड्याला काय घाम येतोय व्हय रं?"

ज्ञानेश हसला नाही. तो मागे वळला आणि तिसेक जणांना नेहमीचं भाषण दिलं. "झेंडा सोडायचा नाही. मन म्हणेल थांब, त्याचं ऐकायचं नाही. झेंडा थांबला तरच थांबायचं, आणि झेंडा काही थांबत नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत विजयश्री होती. तिने सगळ्यात जोरात वाजवल्या.

विजयश्री त्याच्याच कंपनीतली, त्याच्याच लाइनवरची. अंबाजोगाईकडची पोरगी, चाकणला खोली करून राहणारी, सव्वीस वर्षांची. ज्ञानेश तिथे लाइन लीडर होता. पट्ट्यावरून दर पंचावन्न सेकंदांनी एक पार्ट पुढे सरकायचा आणि तो सरकत राहील हे बघणं हे ज्ञानेशचं काम. पट्ट्याच्या वर एक पिवळी दोरी टांगलेली होती. नियम असा की कुणालाही काही अडचण आली तर त्यानं दोरी ओढावी, लाइन थांबवावी. हा नियम भिंतीवर तीन भाषांत लावला होता. प्रत्यक्षात दोरीला कुणी हात लावत नसे. आधी हात वर करायचा, ज्ञानेश सरांकडे बघायचं, ते हो म्हणाले तर. विजयश्रीनं दोन वर्षांत एकदाही हात वर केला नव्हता, म्हणून ती त्याची लाडकी ऑपरेटर होती.

हात वर केला होता ज्योतीरामनं. मे महिन्यात.

शेडचा पत्रा तापलेला, ज्योतीरामच्या जागेवरचा पंखा बंद पडलेला, आणि शिफ्ट संपायला थोडाच वेळ राहिलेला. त्यानं हात वर केला. ज्ञानेशनं लांबून दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं थांब, आणि मान वळवून बोर्डावरचा आकडा बघायला लागला. दुसऱ्या मिनिटाला ज्योतीराम पट्ट्याच्या लोखंडी कडेवर पडला. भुवईला पाच टाके. सेफ्टीवाल्यांनी विचारलं तेव्हा ज्ञानेशनं कागदावर लिहून दिलं, 'कामगाराने हात वर केल्याचे दिसले नाही.' प्रकरण मिटलं. महिनाअखेरीला टार्गेट गाठल्याबद्दल त्याला प्रमाणपत्रही मिळालं.

ज्योतीरामनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो आठवड्याने कामावर आला आणि रोजच्यासारखाच "नमस्कार सर" म्हणाला. तेव्हापासून ज्ञानेशला कुठेच बसवत नव्हतं. जेवताना ताट हातात घेऊन तो खिडकीशी उभा राहायचा. "जरा बूड टेकवा की एका जागी," असं म्हणून म्हणून बायको, निशिगंधा, थकली होती. पळताना तेवढं बरं वाटायचं. म्हणून तो जास्तच पळायला लागला होता.

पहिले दहा किलोमीटर ठीक गेले. स्पाइन रोड रुंद, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि किलोमीटरला सहा मिनिटं चोवीस सेकंद. मोशीच्या अलीकडून वळसा घेतला आणि ऊन समोर आलं. बस पातळ व्हायला लागली. कुणी कडेला उभं राहिलं, कुणी चालायला लागलं. त्यांच्याकडे ज्ञानेशनं वळूनही बघितलं नाही.

"सर, अकरा सेकंद मागे आहोत आपण," अजिंक्य म्हणाला. हा माणच्या आयटी कंपनीतला पोरगा. याच्या मनगटावरचं घड्याळ याच्यापेक्षा जास्त बोलायचं.

"भरून काढू."

सोळाव्या किलोमीटरला टेबल होतं, पाणी नव्हतं. तासभराच्या उशिरात ते संपलेलं. नुसते कागदी पेले पायाखाली चुरत होते. मालोजीकाका काहीतरी पुटपुटले. ते ज्ञानेशला उद्देशून होतं आणि ते छापण्यासारखं नव्हतं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याचंही डोकं ठणकत होतं, घशाला कोरड पडली होती, पण पाय घड्याळासारखे चालू होते. आता थांबलो तर सगळं अंगावर येईल, असं काहीतरी त्याला वाटत होतं.

अठराव्यानंतर त्याच्या लक्षात आलं की विजयश्री रेषेत पळत नाहीये. उजवीकडे जायची, पुन्हा झेंड्याकडे यायची. तिच्या दंडांवर काटा उभा राहिला होता. या उन्हात काटा!

"विजयश्री, बरी आहेस ना?"

"हो सर." मग थोड्या वेळानं, "सर, थंडी वाजायली."

"काय?"

"थंडी वाजायली. शटर लावून घ्या ना, पार्ट भिजायलेत."

एकोणिसाव्याची पाटी मागे पडली. घड्याळात दोन तास एक मिनिट चाळीस सेकंद.

"पाच सेकंदच मागे आहोत सर!" अजिंक्य ओरडला.

"दोनच राहिलेत विजयश्री, चल," ज्ञानेश म्हणाला आणि हात मागे करून त्यानं तिला खूण केली.

खूण केली आणि त्याला स्वतःचाच हात दिसला. दोन बोटं.

पुढचं पाऊल पडलं, त्याच्या पुढचंही पडलं, पायांना सवय होती. तिसरं पडलं नाही. अकरा स्पर्धांत न थांबलेला माणूस भर रस्त्यात उभा राहिला, आणि विजयश्री त्याच्या पाठीवर येऊन आदळली. त्यानं वळून तिला धरलं. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"जा तुम्ही सगळे पुढे!" तो ओरडला. "अजिंक्य, झेंडा घे!"

अजिंक्यनं झेंडा घेतला नाही. कुणीच पुढे गेलं नाही. उरलेले अठराजण जिथल्या तिथे उभे राहिले होते. झेंडा थांबला तर थांबायचं, हे त्यानंच सांगितलं होतं. मालोजीकाकांनी तर दुभाजकावर बैठकच मारली. "सुटलो बाबा," ते म्हणाले. "कुनाला पळायचं व्हतं हितं? पन पहिलं थांबायचं कुनी?" एवढं बोलून ते लगेच उठले आणि विजयश्रीचे पाय धरून तिला झाडाखाली न्यायला लागले.

मग सगळ्यांचे हात चालले. समोरच्या रसवंतीवाल्याकडून कुणीतरी बर्फाची अख्खी लादी उचलून आणली. अजिंक्यनं घड्याळावरून अँब्युलन्सला फोन लावला, त्याचा एवढा तरी उपयोग झाला. झेंड्याचं कापड ओलं करून ज्ञानेश तिच्या मानेला, काखेला लावत होता आणि सारखं एकच बोलत होता, "बघितलं मी, बघितलं. थांबलोय." ते तो कुणाला सांगत होता हे तिथं कुणालाच कळलं नाही.

अँब्युलन्समधल्या डॉक्टर बाईंनी ताप मोजला आणि ज्ञानेशकडे अशा नजरेनं बघितलं की त्यानं मान खाली घातली. "आणखी पळवली असती तर अवघड होतं," त्या म्हणाल्या. बराच वेळ बर्फ आणि सलाईन चालू राहिल्यावर विजयश्रीचे डोळे ठिकाणावर आले.

"सर, माझी बस गेली का?"

"नाही गं. इथंच उभी आहे."

दवाखान्याकडे तिला पाठवून सगळे चालत निघाले. तीन तास सात मिनिटांनी ओला, मळका झेंडा रेषेपलीकडे गेला तेव्हा माइकवरचा माणूस उत्साहानं ओरडला, "आणि ही आली आपली सव्वादोनची बस!" अख्खं मैदान हसलं. ज्ञानेश कानकोंडा झाला. पण त्यानंतर मात्र तो गवतावर बसला.

सोमवारी पहिली शिफ्ट. विजयश्रीला आठवडाभर सुट्टी होती. लाइन सुरू झाली आणि ज्ञानेश थेट ज्योतीरामच्या जागेवर गेला. पट्ट्याच्या घरघरीत त्याला दोनदा बोलावं लागलं.

"मेमध्ये तू हात वर केला होतास. मी बघितला होता. बघून लिहिलं की दिसला नाही."

ज्योतीरामचे हात चालूच होते. भुवईवरची खूण घामानं चमकत होती.

"मला ठावं हाय सर," तो म्हणाला. "तुमी दोन बोटं दावली व्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"कुनाला बोलायचं? हात तर तुमालाच दावायचा आस्तो."

आज सेफ्टीच्या ऑफिसात जाऊन खरं काय ते लिहून देतो, असं ज्ञानेश म्हणाला.

"द्या की," ज्योतीराम म्हणाला. मग पार्ट खाली ठेवून त्यानं ज्ञानेशच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "पन आदी मागं बगा सर. ती पलीकडच्या जागंवरची रश्मी कवापासनं हात वर करून हुबी हाय."

ज्ञानेशनं मागे बघितलं. मग त्यानं हात उंच केला आणि पिवळी दोरी ओढली.