मोहरीएवढी झोप

मित्रांनो, मी पितळेची डबी. जुनी आहे, पण वय नक्की सांगता येत नाही. माझ्या जन्माची नोंद कुणी ठेवली नाही. तांबटाने ठोकताना शिव्या दिल्या होत्या, तेवढ्या आठवतात. सुपारीएवढी उंची, फिरकीचं झाकण, झाकणावर एक मोर. मोर आता झिजून कोंबडी झाला आहे. मला घडवलं होतं काजळासाठी. पण कोण कशासाठी घडतं आणि कुठे कामाला लागतं, हे त्या काळी सोलापुरात कुणाच्याच हातात नव्हतं. सारं गाव मिलच्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं, आणि भोंगा झाला की चालू भांडणसुद्धा अर्ध्यावर सोडायचं.

मी फुलाबाईच्या चंचीत राहायचे. चंचीत पान, सुपारी, कात आणि मी. फुलाबाई मिलच्या चाळीत एका खोलीत राहायची आणि मिलमध्ये सूत गुंडाळायला जाणाऱ्या बायकांची तान्ही पोरं दिवसभर सांभाळायची. एका वेळी सात. सात पोरं आणि एक बाई, हे गणित कुठल्याच पाटीवर सुटत नाही. ते मी सोडवायचे. माझ्या पोटात अफू असायची. आया पोरं ठेवून गेल्या की फुलाबाई करंगळीच्या नखावर मोहरीएवढी अफू घ्यायची आणि दुधाच्या थेंबात कालवून एकेकाच्या जिभेला लावायची. पाव तासात सातही पोरं ओळीने पडायची, बाजारात मांडलेल्या वांग्यांसारखी. आयांना हे ठाऊक होतं. गावाकडे शेतावर जाताना त्यांच्या आयांनीही त्यांना असंच झोपवलं होतं.

फुलाबाई दुष्ट नव्हती, हे आधीच सांगते. ती माश्या वारायची, लंगोट बदलायची, प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून बघायची. बाळ झोपेत वाढतं, असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं. मग जास्त झोपेल ते जास्त वाढेल, एवढं तिचं तिने जोडलं.

कौतुक तर फार झालं. फुलाबाईकडचं पोर रडत नाही, असा लौकिक झाला. समोर राहणारे वेणीमाधव मास्तर एकदा चौथीचा अख्खा वर्ग घेऊन आले. शिस्त म्हणजे काय ते मुलांनी डोळ्यांनी पाहावं, ही त्यांची इच्छा. अडतीस मुलं खोलीत कोंबली गेली. एकजण पाण्याच्या घागरीवर आदळला आणि घागर गडगडत मोरीपर्यंत गेली. ओळीतली एक पापणी हलली नाही. मास्तरांनी विचारलं, बघितलंत? मुलं म्हणाली, बघितलं. मित्रांनो, मास्तर आणि फुलाबाई धरून त्या खोलीत चाळीस माणसं जागी होती आणि कुणालाच काही दिसलं नाही.

त्या ओळीत दाराकडून तिसरा शिवपुत्र. काशम्माचा मुलगा, चौदा महिन्यांचा. टेकू दिला तर बसायचा. टेकू काढला की हळूच आडवा व्हायचा, जणू त्याची काही हरकत नाही. खुळखुळा वाजवला तर बऱ्याच वेळाने मान वळवायचा. तोवर वाजवणारा कंटाळून गेलेला असायचा. काशम्मा म्हणायची, गुणी आहे माझा.

मग दुधनीहून काशम्माची सासू आली. तिचं नाव शिवबाई. कानडी पक्कं, मराठी लागेल तेवढं. स्वतःची नऊ पोरं वाढवलेली बाई. दुसऱ्या दिवशी ती नातवासोबत फुलाबाईच्या खोलीत येऊन बसली आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्या ओळीकडे बघत राहिली.

"फुलाबाई," ती म्हणाली, "हा हसंना की."

"झोपलाय न्हवं त्यो."

"झोपंतच हसत्यात. सटवाई हसवती, सटवाई रडवती. ह्या सातांत एक बी हसलं न्हाय. ओठ हलंना, कूस बदलंना. तुज्याकडं सटवाई येत न्हाय का?"

फुलाबाई हसण्यावारी न्यायला गेली आणि मध्येच थांबली. पोरं सांभाळायला लागल्यापासून अकरा वर्षांत तिने झोपेत हसलेलं पोर पाहिलं नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने पानासाठी चंची सोडली, आणि मी घरंगळून शिवबाईच्या पायाशी गेले. तिने मला उचलून उघडलं.

"काय हाय हिच्यात?"

"झोप हाय," फुलाबाई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"डबीत? मग मला दे की. चाळीस वर्सं झाली, मला नीट झोप न्हाय."

फुलाबाईने हात धरायच्या आत तिने तुरीच्या डाळीएवढा खडा तोंडात टाकला आणि वर तांब्याभर पाणी प्याली.

थोड्या वेळाने ओळीत आठवं बाळ होतं. साठ वर्षांचं, लुगड्यातलं. संध्याकाळच्या भोंग्याला काशम्मा आली. तिने मुलगा कडेवर घेतला आणि सासूला हातगाडीवर घातलं. फुलाबाई मागून चालत गेली आणि रात्र सगळी शिवबाईच्या नाकापुढे बोट धरून बसली.

शिवबाई दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. दोनदा ओकली, तोंड धुतलं आणि सुनेला जवळ बोलावलं.

"ही झोप न्हवं, काशम्मा. सपान न्हाय, कूस न्हाय, पाय दुकला ते बी कळंना. काल मी हितं न्हवतेच. पोर झोपंत वाढतं ते खरं हाय. पर वाढायला पोर घरात असावं लागतं की."

काशम्माने मुलाला मांडीवर घेतलं.

"मग मी कामाला कशी जाऊ?"



"मी हाय की," शिवबाई म्हणाली, आणि दुधनीला परत गेलीच नाही. फुलाबाईच्या जोडीने सातही पोरं सांभाळायला लागली.

तिघी शिवपुत्राला घेऊन दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिघींना सारखंच झापलं. अफू एकदम तोडू नका, माझ्या देखरेखीत रोज थोडी कमी करा, असं बजावलं. मूल जागेपणी बघतं, ऐकतं आणि झोपेत ते नीट लावून ठेवतं, असं त्या म्हणाल्या. दिवसभर काही आत गेलंच नाही, तर लावायचं काय?

तीन आठवडे सातही पोरं रडली. मास्तर तक्रार घेऊन आले, की वह्या तपासता येत नाहीत. शिवबाईने त्यांच्या हातात एक पोर दिलं. खाली ठेवलं की ते रडायचं, म्हणून मास्तर तासभर तसेच उभे राहिले. परत आले नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी झोपेत शिवपुत्राच्या ओठाचा डावा कोपरा हलला. शिवबाईने फुलाबाईला कोपराने ढोसलं, एवढंच. त्याला टेकूशिवाय बसायला आणखी चार महिने लागले. चालला अडीच वर्षांचा होऊन. तिसरं संपताना त्याच्याजवळ पाच शब्द होते, त्यातले दोन कानडी. बाकीचे येतील का, असं काशम्माने विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काही येतील म्हणून सांगितलं. किती, ते सांगितलं नाही.

मला चिंचेने घासून धुतलं. आता माझ्यात टाचण्या असतात. टाचण्या कुणाला झोपवत नाहीत.

फुलाबाई मात्र शाळेच्या मधल्या सुट्टीला कुंपणापाशी जाऊन उभी राहायला लागली. अकरा वर्षांत तिच्या खोलीतून गेलेली पोरं आता कुठे कुठे शिकत होती. कोण पळतं, कोण भिंतीला टेकून बसतं, हे ती बघायची. एकदा भिंतीपाशी बसलेल्या एका मुलाला तिने नाव विचारलं. तो बराच वेळ विचार करत राहिला. लाजला असेल. मला तेव्हा बोलता आलं असतं, तर मी तिला तेवढंच सांगितलं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरात तान्हं बाळ रडत असेल, तर त्याला गप्प करायच्या आधी काय हवंय ते विचारा. ते सांगणार नाही. तरी विचारा.