गिळलेले चार शब्द

डॉ. व्हिटलॉक यांनी बारा शब्द सावकाश वाचून दाखवले आणि अमोस गेंट्रीने खुर्चीचा हात घट्ट धरला. वीस मिनिटांनी ते परत सांगायचे होते. आज तो लबाडी करणार नव्हता.

अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या संघात बचावफळीच्या मधोमध उभं राहून त्याने समोरून धावत येणाऱ्यांना आडवं केलं होतं. गेल्या रविवारी एकाला आडवं करताना डोक्यावर डोकं आपटलं. उठून त्याने पुढच्या चालीसाठी साथीदारांना इशारा ओरडून दिला, तो तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या संघाचा! पोरं हसली. अमोसही हसला.

आता येत्या रविवारी बाद फेरीचा सामना. डॉक्टरांनी सही केली तर तो मैदानात. नाही केली तर तेहतिसाव्या वर्षी त्याला पुन्हा कोण विचारतो? त्याच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला ड्युप्री मघाशी बाहेर म्हणालाच होता, "काका, निवांत झोपा काढा. तुमची जागा मी सांभाळतो."

"आधी स्वतःची चड्डी सांभाळ," अमोसने सुनावलं होतं.

बायकोचं, लोरेनचं, म्हणणं सरळ होतं. "ती परीक्षा हो म्हणाली तर खेळ. नाही म्हणाली तर मुकाट्याने घरी ये. माझा तुझ्यावर नाही, तिच्यावर भरवसा आहे." अमोसने मान डोलावली होती. तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती.

दर ऑगस्टला, हंगामाआधी खेळाडू धडधाकट असताना, हीच परीक्षा होते. पुढे डोक्याला मार लागला की नवे गुण त्या गुणांशी ताडून बघतात. म्हणून जुनी खोडं नव्या पोरांच्या कानात सांगतात की ऑगस्टमध्ये मुद्दाम माती खा, म्हणजे नंतर डोकं गरगरलं तरी आकडा घसरलेला दिसत नाही. अमोसला यंदा बाराच्या बारा आठवत होते. त्याने चार गिळले आणि आठ सांगितले.

आज मात्र त्याला स्वतःचीच खात्री करून घ्यायची होती. बारा आठवले की रविवारी नुसती जीभ घसरली होती, बाकी काही नाही.

"हं, सांग," डॉक्टर म्हणाले.

"लोणी. घोडा. चमचा. नदी." चार भराभर आले. मग साबण, टोपी आणि खिडकी. "शिडी," तो म्हणाला आणि पुढे काहीच येईना. त्याने डोळे मिटले, दात आवळले. मानेवरून घाम ओघळला.

"पुरे," डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "आठ! ऑगस्टमध्येही आठच होते. तू ठणठणीत आहेस, अमोस." त्यांनी सही ठोकून कागद पुढे केला. "जा, रविवारी त्यांची हाडं खिळखिळी कर."

अमोसने कागद घेतला. दाराच्या काचेतून ड्युप्रीचा पडलेला चेहरा दिसत होता. अमोस दारापर्यंत गेला, कडीला हात लावला, आणि तिथेच थांबला. त्याला भयंकर भीती वाटत होती.

"डॉक्टर, ऑगस्टमध्ये मी खोटं बोललो. मला बाराही आठवत होते. चार लपवले."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि आज किती लपवलेस?"

"एकही नाही."

डॉक्टरांनी सही केलेल्या कागदासाठी हात पुढे केला. अमोसने कागद त्यांच्या हातात दिला, पण त्याची बोटं सुटायला वेळ लागला.