एकत्र म्हणजे किती?

मी एक जुना फणसाचा बाक आहे, मित्रांनो. रत्नागिरीत एका कोर्टाच्या व्हरांड्यात माझी जागा. मला घडवलं तुरुंगातल्या कैद्यांनी. काम इतकं सुबक, की ते पाहून तेव्हा साहेबही खूश झाले होते. आता माझा एक पाय डुगडुगतो. लोखंडी खुर्च्या आल्यापासून ऐटबाज मंडळी माझ्याकडे फिरकत नाहीत. पहाटेच्या एसटीने आलेली खेड्यातली माणसं तेवढी बसतात.

मला तोंड नाही, याचं एरवी काही वाटत नाही. एकदाच फार वाटलं.

पूर्णगडकडच्या सोनूबाईचा मुलगा भागोजी. दगडी कुंपणाच्या, म्हणजे गडग्याच्या भांडणात त्याने चुलतभावाच्या डोक्यात दगडाचा चिरा घातला. चुलतभाऊ वाचला, पण गुन्हा शाबीत झाला. शिक्षेआधी न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय का?

"आय एकटी हाय," एवढंच तो म्हणाला.

पहिलाच गुन्हा आणि घरी म्हातारी आई, हे त्यांनी ध्यानात घेतलं. एका कलमाखाली तीन वर्षं, दुसऱ्याखाली दोन, आणि दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या. इतकी वर्षं ऐकून मला ठाऊक होतं, एकत्र म्हणजे दोन्ही एकाच वेळी सुरू. म्हणजे तीनच! सगळी दया त्या एका शब्दात होती.

सोनूबाईने मात्र बोटांवर बेरीज केली. "तीन नि दोन. पाच गणपती रे भागोजी! मी कुठली तवर ऱ्हातेय?"

पोलीस त्याला घेऊन गेले. वकील दुसऱ्या खटल्याच्या गडबडीत होते. ती माझ्यावर बसून रडली. अगं बाई, तीनच, तीनच! मला किती ओरडावंसं वाटलं.

मग मी तिची वाट बघू लागलो. पायरीवर म्हाताऱ्या चपला वाजल्या की वाटायचं, आली विचारायला. दोन गणपती गेले. ती आली नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

यंदा श्रावणात आली. मुलाचं मनगट घट्ट पकडून.

"ह्याला आत घ्या," ती कोर्टातल्या लवू शिपायाला म्हणाली. "पळून आलाय. पाच झाली नायत अजून."

"आये, सुटलोय गो मी! पत्र टाकलंवतं ना तुला?"

पत्र तिने पिशवीतून काढलं, न फोडलेलं. तिला वाचता येत नव्हतं. तुरुंगाच्या शिक्क्याचं पाकीट गावात कुणापुढे धरायची लाज वाटली, म्हणून तिने ते आजवर देव्हाऱ्यात ठेवून दिलं होतं.

लवूने माझ्यावर बसून ते फोडून वाचलं. "आये, शिक्षा तीनच वर्सं हाय. सूट मिळून आधीच संपली. रडू नको."

सोनूबाईने बोटांवर पुन्हा मोजलं. "तीनच होती? गेल्या साली मी गणपतीपन आणला नाय. म्हटलं, आता कुनासाठी?" मग डोळे पुसून उठली. "चल रे. गणपतीच्या मूर्तीसाठी मूर्तीवाल्याला पाट द्यायचाय."

दोघं पायऱ्या उतरले. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. माझ्यावर कुणी हातात कागद धरून गप्प बसलेलं दिसलं, तर घटकाभर शेजारी बसा आणि तो वाचून दाखवा. मला तेवढं जमत नाही.